जुनी 58 सीसी चेनसॉ, आठ महिन्यांनंतर: 22 इंची बार उतरवला, 18 इंची लावला

परवा कोपरखैरण्यात एका दुकानदाराशी चांगलंच वाजलं. चेनसॉच्या 18 इंची बारची (बार म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी) चेन मागितली, त्याने 68 कड्यांची दिली. माझ्या बारला 72 लागतात. घरी बसवायला घेतली तर चेन बारच्या टोकावरून पलीकडे जाईचना. परत न्यायला गेलो तर म्हणे, "काका, 18 इंच म्हणजे 18 इंच. पाकीट फोडलंय, आता परत होणार नाही." 650 रुपये अडकले. दुसऱ्या कुणाचे अडकू नयेत म्हणून सगळंच लिहितो.

मशीन नेहमीचंच, चिनी 58 सीसी. मे महिन्यात रबाळ्याला झाडं छाटायची कामं घेणाऱ्या एकाकडून बंद अवस्थेत 2,800 ला घेतलं. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात 31 वर्षं मेंटेनन्स फिटर होतो, त्यामुळे बंद मशीनची भीती वाटत नाही. दोरीच्या मुठीला धरून मशीन लटकवलं, ते सरसर खाली आलं नाही, अडत अडत उतरलं. म्हणजे कॉम्प्रेशन आहे. मफलर काढून पिस्टनवर बॅटरी मारली, उभे ओरखडे नव्हते. तिथेच पैसे मोजले.

इंजिनाचं काम एका रविवारात झालं. पेट्रोलची नळी चिरलेली, टाकीतला फिल्टर काळा, कार्बोरेटरचा पडदा पापडासारखा कडक. नळी, फिल्टर, पडद्याचं किट आणि प्लग मिळून 740 रुपये. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून काम संपलं की मी टाकी रिकामी करतो आणि मशीन बंद पडेपर्यंत चालवतो. एक लिटरला 40 मिली टू-स्ट्रोक ऑइल. यात कंजुषी केलीत तर पिस्टन गेला.

खरा त्रास बारने दिला.

मशीनबरोबर 22 इंची बार आला होता. पहिल्याच ओंडक्यात टोकाकडून धूर. ऑइल पंप गेला असणार असं धरून 350 चा नवा टाकला. तरी बार कोरडाच. मग बार उतरवून उजेडात धरला, तर ऑइल आत यायचं बारीक भोक गच्च बुजलेलं. आधीच्या मालकाने गाडीचं जळकं ऑइल वापरलं होतं, त्यात भुसा मिसळून डांबर झालेलं. सायकलच्या तारेने भोक मोकळं केलं, खाचेतला गाळ पत्र्याच्या पट्टीने ओढून काढला. मिठाईच्या पांढऱ्या खोक्यापुढे टोक धरून रेस दिली, तर पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली. जुना पंप चांगला होता, 350 रुपये उगाच गेले. पण 22 इंची उत्तम चालतो, असं मी तेव्हा चार जणांना सांगितलं होतं.

ते मी मागे घेतो.

ऑगस्टमध्ये नेरूळला मेहुण्याच्या सोसायटीच्या फाटकावर विलायती शिरीषाची जाड फांदी आडवी झाली. बुंध्याकडे 20 इंच, ओली. सगळा बार लाकडात बुडाला आणि इंजिनाचा आवाज बसला. जोर दिला की चेन थांबायची, क्लच तापल्याचा वास यायचा. खोक्यावर रेघ मारणारं तेल तेवढ्या लाकडातून टोकापर्यंत पुरत नव्हतं, टोक निळं पडलं. 58 सीसीने 86 कड्या ओढायच्या, आणि त्यातले इतके दात एकाच वेळी लाकडात. इंजिनाचा दोष नाही, त्याच्यावर ओझंच जास्त होतं.

घरी येऊन पावसाळ्याची कामं आठवली. नव्वद टक्के लाकूड 14 इंचांच्या आतलं. सगळ्यात जाड 27 इंच, आणि ते 18 इंची बारने दोन्ही बाजूंनी कापून निघतं. 18 इंची बार आणि चेन 1,450 ला घेतली. जुन्या स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) चेनने खोल चरे पाडले होते, त्यावर नवी चेन चढवली असती तर तीही खराब झाली असती, म्हणून स्प्रॉकेटही बदललं. मशीन हातात हलकं झालं, पुढे झुकत नाही, आणि तेच इंजिन आता ओल्या लाकडातही आवाज टिकवतं. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर झटका 18 इंचीही देतोच, त्यामुळे चेनब्रेक (झटका बसला की चेन थांबवणारा ब्रेक) दर वेळी तपासा.

धारेला 4.8 मिमीची गोल कानस, 30 अंशात, दर टाकीला. ढलप्या पडत असतील तर धार आहे, पीठ पडायला लागलं की थांबा. बार दर वेळी उलटा करून लावतो, म्हणजे एकच कड झिजत नाही. आणि उभं झाड असेल तर 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे आधी महापालिकेची परवानगी. सोसायटीची कमिटी हो म्हणाली तेवढ्याने चालत नाही.

चेन घेताना इंच सांगू नका. पिच (कड्यांमधलं अंतर), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि खाचेत बसणाऱ्या कड्या किती ते सांगा. माझे 0.325 इंच, 0.058 इंच आणि 72, हे तिन्ही आकडे मागच्या मुठीवर पांढऱ्या रंगाने लिहून ठेवलेत. 68 कड्यांची ती चेन तशीच पडून आहे, एकही दात वापरलेला नाही. ज्याच्या बारला बसेल त्याला 400 ला देईन.