मूत्राशयातील बोटॉक्स इंजेक्शन: बेळगावच्या एका खासगी रुग्णालयाचा अनुभव

खानापूरहून बेळगावला जाताना लघवीच्या घाईमुळे माझ्या सासूबाईंना अनेकदा पिरनवाडीलाच बसमधून उतरावे लागत असे. गोळ्यांनी तोंड कोरडे पडू लागले आणि बद्धकोष्ठता वाढली, तेव्हा मूत्राशयात बोटॉक्सचे, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाचे, इंजेक्शन घेण्याचे ठरले. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

इंजेक्शनपूर्वीची काळजी मला चोख वाटली. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतूंच्या तपासणीत) जंतू आढळले आणि सासूबाईंना किंचित जळजळही होत होती, म्हणून डॉक्टरांनी आधी उपचार करून इंजेक्शन आठवडाभर पुढे ढकलले. तेव्हा आम्हाला फेरी वाया गेल्याचे वाईट वाटले. पण संसर्ग असताना हे इंजेक्शन द्यायचेच नसते. पुन्हा संसर्ग होऊ नये म्हणून इंजेक्शनच्या आदल्या दिवशी प्रतिजैविक सुरू केले, मात्र जेंटामायसिनच्या गटातील औषध टाळले, कारण ते बोटॉक्सचा स्नायूंवरील परिणाम वाढवू शकते. दुर्बिणीतून २० ठिकाणी प्रत्येकी अर्धा मिली, म्हणजे १० मिली द्रावणातून एकूण १०० युनिट औषध दिले गेले आणि सासूबाई त्याच संध्याकाळी घरी आल्या.

खरी उणीव त्यानंतर जाणवली. या औषधाने मूत्राशयाचा स्नायू सैल पडतो, घाई कमी होते. पण काही रुग्णांचे मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही आणि साचून राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात. या औषधाच्या चाचण्यांमध्ये पहिल्या १२ आठवड्यांत सुमारे १८ टक्के रुग्णांना मूत्रसंसर्ग झाला, तर औषध नसलेले इंजेक्शन दिलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. म्हणजे हा धोका किरकोळ नव्हे. तरीही आमच्या हाती पडलेला सूचनांचा कागद कन्नड आणि इंग्रजीत होता, सासूबाईंना दोन्ही वाचता येत नाहीत, आणि दोन आठवड्यांच्या आत शिल्लक लघवी मोजून घ्यावी, हे त्यात शेवटच्या ओळीत दडलेले होते. सीमाभागात कागद कोणत्या भाषेत असावा हा वाद जुना आहे. रुग्णाला त्यातून काय कळले, एवढेच मी पाहते.

‘पाणी प्यायले की पुन्हा धावपळ’ या धास्तीने सासूबाईंनी पाणीही कमी केले होते. दहाव्या दिवशी लघवीला जळजळ सुरू झाली, लघवी गढूळ दिसू लागली. रुग्णालयात दूरध्वनी केला, तर तो या खिडकीकडून त्या खिडकीकडे फिरत राहिला, म्हणून आम्ही वेळ न घेताच गेलो. लघवी करून आल्यावर सोनोग्राफी केली, तेव्हा मूत्राशयात १६० मिली लघवी शिल्लक होती. दुसरा त्रास नसल्याने लघवी काढण्यासाठी नळी घालावी लागली नाही. आधी कल्चरसाठी नमुना घेतला आणि मगच औषध सुरू केले, हे मला विशेष आवडले.

त्या दिवशी खरी मदत केली ती परिचारिकेने. कन्नड वळणाच्या मराठीत ती म्हणाली, “मावशी, एकदा झालं की लगेच उठायचं नाही. दोन मिनिटं बसायचं, थोडं पुढं वाकायचं, परत करायचं.” मग सूचनांच्या त्याच कागदाच्या कोऱ्या बाजूवर तिने मराठीत लिहून दिले: लघवी रोखून धरू नये, पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे, ताप किंवा थंडी आली किंवा लघवी अडली तर घरी थांबू नये. पाळी गेलेल्या स्त्रियांना वारंवार संसर्ग होत असेल तर योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम उपयोगी पडते. तेही डॉक्टरांनी याच भेटीत लिहून दिले. सासूबाईंना पूर्वीही दोनदा संसर्ग झाला होता, तेव्हा हे मलम आधीच सुचवता आले असते, असे मला वाटते.

इंजेक्शनचा गुण मात्र निर्विवाद आहे. पिरनवाडीला उतरणे बंद झाले. परिणाम साधारण सहा महिने टिकतो, त्यामुळे पुढच्या इंजेक्शनसाठी आम्ही तिथेच जाणार आहोत. शिल्लक लघवीच्या तपासणीची तारीख मात्र इंजेक्शनच्याच दिवशी खिडकीवर लिहून घेऊ, आणि परिचारिकेचा तो कागद तर सासूबाईंच्या बटव्यात आहेच.