भिंतीवर सर्टिफिकेट, हातात कच्ची पावती

सांगलीतल्या एका दुकानात लॅपटॉप दुरुस्तीला ११,७०० रुपये घालवले. मदरबोर्ड ६,८००, 'नवीन' ५१२ जीबी एसएसडी ३,४००, विंडोज १,५००. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माझ्याकडे पक्कं बिल नाही. आणि मी पोटासाठी लोकांचे जीएसटी रिटर्न भरतो. हसा खुशाल.

चार्जर लावला की ॲडाप्टरचा दिवाच विझायचा. बहुतेक वेळा हे १९ व्होल्टच्या लाइनवरचं शॉर्ट असतं. मल्टिमीटर लावायचा, शॉर्ट झालेला कपॅसिटर (वीज साठवणारा बारीकसा पार्ट) शोधायचा, बदलायचा. "बोर्ड गेला" हे वाक्य मीटर न लावता कुणी बोललं, तर लॅपटॉप उचला आणि चालू पडा. नंतर मिरजेच्या एका कारागिराने झाकण उघडून दाखवलं. बोर्ड जुनाच. चार्जिंगच्या जॅकजवळ तिळाएवढा एकच कपॅसिटर चकचकीत, भोवती पुसायचा राहिलेला सोल्डरिंगचा तपकिरी फ्लक्स. राउटरच्या यादीत वायरच्या लॅनचा मॅक ॲड्रेस, म्हणजे बोर्डावरच्या नेटवर्क चिपचा ओळख क्रमांक, तोही जुनाच. बोर्ड बदलला असता तर तोही बदलला असता. एवढ्या कामाचे हजार-दीड हजार मागितले असते तर दिले असते, कसब फुकट नसतं.

एसएसडी? क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या प्रोग्रॅममध्ये पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क चाललेले तास, ११,२४०. दिवसरात्र चालवली तरी सव्वा वर्षाच्या वर. ही संख्या दुकानातच, पैसे द्यायच्या आधी बघा. 'कायमचं' विंडोज तर १८० दिवसांचं केएमएस, म्हणजे कंपन्यांसाठीचं मुदतीचं ॲक्टिव्हेशन, निघालं. 'एसएलएमजीआर स्लॅश एक्सपीआर' ही कमांड दिली की मुदतीची तारीख समोर येते.

खरी चीड वेगळीच आहे. काउंटरमागे 'ए प्लस' या संगणक-दुरुस्तीच्या परीक्षेचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट होतं. साल २०१९, खाली 'आजीवन वैध'. कॉम्पटिया या संस्थेचं ए प्लस २०११ पासून तीनच वर्षं चालतं, पुढे नूतनीकरण करावं लागतं. हे मला माहीत होतं! भाच्याच्या दोन्ही पेपरांची फी मीच भरली होती: कोर वनला ९०० पैकी ६७५ लागतात, कोर टूला ७००. पडताळणी कोड मागायला अर्धा मिनिट लागलं असतं. बरं, सर्टिफिकेट खरं असतं तरी काय? त्या परीक्षेत पार्ट बदलायला शिकवतात, कपॅसिटरचं सोल्डरिंग त्यात येतच नाही.

"पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर," म्हणाला. २,१०६ रुपये. रिटर्न भरायची विसावी तारीख दोन दिवसांवर, टॅली त्याच लॅपटॉपात, अशील फोनवर फोन करतायत. घेतली कच्ची पावती. तुम्ही काय केलं असतंत?

पोलीस चौकीत तासभर बसवून "दिवाणी बाब आहे, ग्राहक आयोगात जा" एवढंच ऐकवलं. साधा अर्ज घेऊन पोच द्यायलाही नकार. दुसऱ्या दिवशी गेलो तर "साहेब बंदोबस्ताला". तिसऱ्या दिवशी "बिल कुठाय?" आणि वर, "शिकलेली माणसं तुम्ही!" यूपीआयची नोंद दाखवली तर म्हणे, हे खातं दुकानाच्या नावावर कुठाय? नव्हतंच, कुणातरी बाईच्या नावावर होतं. स्कॅन केल्यावर नाव दिसतं, ते वाचत चला.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका, माझी सगळी भिस्त त्यावरच आहे.

काढलेला पार्ट नेहमी परत मागा. मी मागितला होता. "भंगारात गेला," म्हणाला, तेव्हा तो बोर्ड माझ्याच मांडीवरच्या लॅपटॉपात होता.