दोन आरजीबी (लाल-हिरवा-निळा) लेझर प्रोजेक्टर, दोन हेलिओस डॅक (संगणकाला प्रोजेक्टरशी जोडणाऱ्या पेट्या): काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः कोपऱ्यावरच्या शेपटीबद्दल

पत्रकावरचे आकडे सोडा, ते सगळ्यांनी वाचलेत. माझी तक्रार एकच: लेझरने भिंतीवर काढलेला चौकोन नीट मिटत नाही. सुरुवातीच्या कोपऱ्याला बाहेर शेपटी आणि शेवटच्या कोपऱ्यात फट. विक्रेत्याच्या सर्व्हिसवाल्याचं उत्तर: "लाइट लागते ना? मग माल ओके."

कारण साधं आहे. लेझरचा डायोड क्षणात लागतो-विझतो, पण किरण वळवणारा गॅल्व्होचा (छोट्या मोटरीचा) आरसा मागे राहतो. आरसा कोपऱ्यावर पोहोचायच्या आधीच रंग लागतो आणि बाजू पूर्ण व्हायच्या आधीच विझतो. लाल बाजूनंतर निळी असेल तर लालचं टोक निळं दिसतं. आकार बिंदूबिंदूने पाठवला जातो, तेव्हा उपाय म्हणजे बिंदूंची जागा (एक्स-वाय) तशीच ठेवून रंग काही बिंदू उशिरा पाठवायचा. आणि हा उशीर बिंदूंत नव्हे, मायक्रोसेकंदांत साठवा. माझ्या एका यंत्राला २०० लागतात, त्याच मॉडेलच्या दुसऱ्याला २७०. सेकंदाला ३०,००० बिंदूंवर हे ६ आणि ८ बिंदू होतात, २०,००० वर ४ आणि ५. "६" असा आकडा कोडमध्ये ठोकून दिला की वेग बदलल्याबरोबर शेपटी परत हजर.

इथपर्यंत स्कॅनरला (आरसे फिरवणाऱ्या भागाला) दोन तारे देणार होतो. प्रत्येक यंत्राचा उशीर वेगळा धरल्यावर साडेतीन देतो. उरलेला दीड जाहिरातीतल्या "३० केपीपीएस" (सेकंदाला ३० हजार बिंदू) या दाव्यासाठी कापला. तो वेग ८ अंशांच्या अरुंद कोनात मोजतात. भिंतभर चित्र हवं असेल तर २० हजारांवर या, नाहीतर वर्तुळं आक्रसतात आणि कोपरे गोल होतात.

२० हजारांतही साधे आकार आरामात बसतात. चौकोनाच्या बाजूला ३० बिंदू, प्रत्येक कोपऱ्यावर ६ थांबे (तिथेच पुन्हा दिलेले बिंदू): १४४. त्रिकोण: १०८. एका आकारावरून दुसऱ्यावर जायच्या दोन विझलेल्या उड्या, प्रत्येकी २०. एकूण २९२, म्हणजे सेकंदाला साधारण ६८ फ्रेम (पूर्ण चित्रं). ३० च्या खाली गेलं की लुकलुक डोळ्यांत खुपते.

डॅकबद्दल तक्रार नाही. दोन्ही यूएसबीवर चालतात. फक्त संगणकाने त्यांना दिलेल्या ०, १ या क्रमांकांवर विसंबू नका. प्रत्येकाला नाव देऊन ठेवा आणि सेटिंग त्या नावाला बांधा. एकाची वाट बघत दुसऱ्याला थांबवू नका, ज्याची स्थिती १ (म्हणजे तयार) येईल त्याला फ्रेम द्या. नवी फ्रेम आली नाही तर जुनीच फिरत राहते, म्हणून प्रोग्राम बंद करताना थांबवण्याची आज्ञा विसरू नका.

तिरक्या भिंतीची दुरुस्ती आधी आकाराच्या शिरोबिंदूंवर करा आणि मधले बिंदू नंतर भरा. उलट केलंत तर बिंदू एका बाजूला दाटतात आणि तिथली रेघ उजळ दिसते. रंगासाठी प्रत्येक यंत्राचा वेगळा तक्ता लागतो, कारण प्रत्येक डायोड वेगळ्या पातळीला पेटायला लागतो. एकाचा पांढरा दुसऱ्यावर गुलाबी निघतो. टीटीएलवाले (प्रत्येक रंग फक्त चालू किंवा बंद करणारे) स्वस्त मॉडेल सातच रंग देतात, पैसे वाचवायला ते घेऊ नका.

पैसे केबलमध्ये वाचवा. आयएलडीएची (लेझर प्रोजेक्टरच्या प्रमाणित जोडणीची) महागडी केबल नको, २५ च्या २५ तारा सरळ जोडलेली साधी डीबी-२५ चालते. मात्र घेण्याआधी मल्टिमीटरने पिन ४ आणि १७ तपासा. इंटरलॉक (जोडणी पूर्ण नसेल तर लेझर पेटू न देणारी सुरक्षा) त्यांच्यावर असतो. त्या तुटलेल्या असतील तर प्रोजेक्टर उजळणारच नाही, आणि सर्व्हिसवाला डायोड बदलायचं बिल लावेल.