रुगोसा रानगुलाब: लागवडीपासून फळे पिकेपर्यंतचा अनुभव

कलमी गुलाबांची औषधफवारणी करून कंटाळलेल्यांना सर्रास सुचवला जाणारा रुगोसा हा रानगुलाब हिवाळा सरताना लावला होता. आता त्याची फळेही पिकून गेली असल्याने काही ठामपणे लिहिता येईल.

जपान, कोरिया, ईशान्य चीन आणि सखालिन-कामचाटका या प्रदेशांतील किनाऱ्यांवरच्या वाळूत हे झुडूप मुळात वाढते. थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. खारे वारे, कडाक्याची थंडी आणि निकस जमीन त्याला सहज सोसते. मात्र पाणी साचणारी चिकण माती आणि चुनखडीची जमीन त्याला मानवत नाही. आमच्या कुंपणाच्या एका टोकाला जमीन चुनखडीची आहे आणि तिथल्या झुडपांची पाने भर उन्हाळ्यात पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. लोहाच्या कमतरतेचे हे लक्षण कंपोस्टचे आच्छादन दिल्यावर थोडे कमी झाले, पण पूर्णपणे गेले नाही.

पानांविषयी मात्र कौतुकच करावे लागेल. एका पानात पाच ते नऊ पर्णिका असतात, त्यांच्या शिरा इतक्या खोल रुतलेल्या असतात की पृष्ठभाग सुरकुतलेला दिसतो आणि खालची बाजू फिकट व लवदार असते. या जाड पानांवर काळ्या ठिपक्यांचा रोग जवळजवळ दिसलाच नाही. बुरशीनाशकाने हीच पाने करपतात, त्यामुळे फवारणी न करणे हा येथे आळस नसून नियम आहे.

फुले पाच पाकळ्यांची, गडद गुलाबी, तळहातात मावतील एवढी आणि लवंगेची आठवण देणाऱ्या सुगंधाची असतात. प्रत्येक फूल जेमतेम दोन दिवस टिकते, म्हणून फुलदाणीसाठी ते निरुपयोगी. परंतु उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून शरद ऋतूपर्यंत बहर थोडाथोडा चालू राहतो आणि मधमाश्यांची ये-जा थांबत नाही. सुकलेली फुले खुडू नयेत, कारण पुढे त्यांचीच लहान टोमॅटोसारखी लाल, चपटी फळे होतात. त्यांत क जीवनसत्त्व भरपूर असते, पण बियांभोवतीची बारीक लव घशाला खाजवते. मुरंबा करायचा असेल तर फळ उभे चिरून आतला भाग चमच्याने पूर्ण खरवडून काढावा. हे काम किचकट आहे.

खरी तक्रार फुटव्यांची आहे. जमिनीखालून धावणारी खोडे मूळ झुडपापासून बऱ्याच अंतरावर वर येतात, आणि प्रत्येक कोवळ्या फुटव्यालाही दाट, सरळ, लहानमोठे काटे असल्याने जाड हातमोज्यांशिवाय ते उपटता येत नाहीत. ब्रिटन, डेन्मार्क आणि जर्मनीच्या किनाऱ्यांवर या पसरण्यामुळेच स्थानिक वनस्पती दडपल्या गेल्या आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर हे झुडूप मोकळ्या निसर्गात लावणे गुन्हा आहे. म्हणून किनाऱ्याजवळ किंवा रानालगत ते लावूच नये. इतरत्र, स्वतःच्या मुळांवर वाढवलेले रोपच घ्यावे, कारण कलमी रोपाच्या खुंटाचे (ज्या दुसऱ्या गुलाबाच्या मुळांवर कलम बांधलेले असते त्याचे) फुटवे भलत्याच गुलाबाचे निघतात. नवी रोपे हवी असतील तर झाड सुप्तावस्थेत असताना मुळांसह फुटवा तोडून लावणे सर्वांत सोपे. बियांना मात्र उगवण्यापूर्वी काही महिने ओलसर थंडी लागते.