खेकडा फुकट, पैसे पिंजऱ्याचे

अमेरिकेत न्यू जर्सी किंवा मेरीलँडच्या किनाऱ्यावर सुट्टीला गेलेली मुलं एक हट्ट हमखास धरतात: रंगीत शंखातला हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा खेकडा. काही दुकानांत खेकडा फुकट मिळतो. पैसे घेतात ते तारेच्या पिंजऱ्याचे, स्पंजचे आणि रंगीत खड्यांचे, आणि यातलं त्याच्या कामाचं काहीच नसतं.

हा खेकडा जमिनीवर राहत असला तरी श्वास कल्ल्यांनीच घेतो. हवेत ७५ ते ८५ टक्के दमटपणा लागतो. जाळीच्या पिंजऱ्यात हा दमटपणा टिकत नाही, आणि खेकडा हळूहळू गुदमरून मरतो. दुकानदार सांगतो, ‘हे इतकेच जगतात.’ साफ खोटं! झाकणाच्या काचपेटीत नीट ठेवलेले खेकडे दहा वर्षांहून जास्त जगू शकतात.

दुसरी थाप, ‘त्याला रंगीत शंखच आवडतो.’ आवडेल कसा, दुसरा समोर ठेवलेलाच नसतो! रंगाचे टवके उडतात आणि पोटात जातात. शंख तो स्वतः बनवत नाही, मेलेल्या गोगलगायीचा वापरतो. कात टाकून अंग वाढलं की मोठा शोधतो. शंख फुटला, आत वाळू अडकली किंवा दुसऱ्या खेकड्याने हुसकावलं तरीही बदलतो. ओढून मात्र कधीच काढू नका. तो शंख सोडत नाही, अंग फाटतं.

सोबत दिलेला ‘जादा शंख’ बहुधा बिनकामाचा. कॅरिबियन जातीच्या खेकड्याचा डावा, जांभळा नांगा मोठा असतो आणि आत गेल्यावर तोच दाराचं काम करतो. म्हणून शंखाचं तोंड गोल हवं, नांग्याच्या रुंदीपेक्षा ३ ते ६ मिलिमीटर मोठं. एका खेकड्यामागे थोड्याफार फरकाच्या मापांचे तीन ते पाच बिनरंगी शंख ठेवा. आधी क्लोरिन नसलेल्या पाण्यात पाच मिनिटं उकळून, पूर्ण गार करून.

तळाला पाच भाग वाळू आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), किल्ला बांधता येईल इतकं ओलं, किमान १५ सेंटिमीटर खोल. कात टाकायला खेकडा त्यात महिना-दोन महिने पुरून घेतो. उकरू नका. वर टाकलेली कात हुबेहूब मेलेल्या खेकड्यासारखी दिसते, आणि लोक घाईने नवा आणायला त्याच दुकानात जातात. उचलून पाहा: कात पोकळ आणि हलकी असते. मेलेल्याला कुजक्या मासळीचा वास येतो.