कराडच्या धावपट्टीसाठी लिअरजेट ३५ की किंग एअर बी२००?

१९७३ साली प्रथम उडालेले लिअरजेट ३५ हे चार्टर व तातडीच्या मालासाठी अजूनही वापरात असलेले, ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाचे विमान आहे. किंग एअर बी२०० हे टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनाने पंखे फिरवणारे विमान) ताशी ५३५ च्या आसपासच थांबते. मात्र पूर्ण वजनाने उडताना लिअरजेटला समुद्रसपाटीलाच सुमारे दीड किलोमीटर धावपट्टी लागते, आणि कराडची पट्टी तेवढी नाही. त्यात एप्रिलच्या उन्हाने हवा विरळ होऊन पट्टी आणखी लांब लागते, म्हणजे इंधन किंवा माल कमी करणे आलेच. शिवाय लिअरजेटची केबिन जेमतेम १.३ मीटर उंच, त्यामुळे खोके वाकूनच लावावे लागतात. सांगलीचा बेदाणा असा पाठवणे परवडणारच नाही. प्रश्न फक्त कारखान्याच्या अडलेल्या सुट्या भागासारख्या तातडीच्या मालाचा किंवा रुग्णाचा आहे. मुंबईपर्यंत जेटने वाचणारी मिनिटे इंधनखर्चापुढे नगण्य ठरतात, म्हणून किंग एअरच घ्यावे. दिल्लीच्या फेऱ्या नित्याच्या असतील, तरच कोल्हापूरहून लिअरजेट.