टीएससी, एचपेट आणि मागे पडणारं घड्याळ: काही महिन्यांच्या वापरानंतर

लिनक्स टाकलेला हा लॅपटॉप गेले कित्येक महिने रोजच्या कामाला आहे. वेग चांगला, बॅटरी चांगली, कीबोर्डही हाताला बसलाय. छळलं ते घड्याळाने, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

लॅपटॉप बराच वेळ नुसता पडून राहिला की घड्याळ मागे पडायचं, आणि मग डेटाबेसची कामंही रेंगाळायची. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये, कारण दिसलं: टायमरवर नजर ठेवणाऱ्या वॉचडॉगने टीएससी 'अनस्टेबल' (भरवशाचा नाही) ठरवला होता आणि कर्नल वेळ मोजायला एचपेटवर गेला होता. टीएससी हा प्रोसेसरमधलाच काउंटर. तो वाचायला प्रोग्रामला कर्नलमध्ये शिरावं लागत नाही. एचपेट हा चिपसेटमधला वेगळा टायमर; त्यासाठी मात्र दर वेळी सिस्टिम कॉल होतो, म्हणजे कर्नलमध्ये शिरावं लागतं, आणि डेटाबेस वेळ सतत विचारत असतो. रेंगाळण्याचं कोडं इथेच सुटलं.

बूट होताना प्रोसेसरचा वेग 1800 मेगाहर्ट्झ सापडल्याचं लॉग सांगतो, कामाच्या वेळी मात्र आकडा 3000 च्या वर जातो. हे पाहून कर्नलने वेग चुकीचा ओळखला असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं. लॉगमधला आकडा टीएससी ज्या ठरावीक गतीने मोजतो तिचा असतो. टर्बोमध्ये प्रोसेसर पळाला तरी ती गती बदलत नाही. प्रोसेसरची माहिती देणाऱ्या सीपीयूइन्फो फाइलमध्ये कॉन्स्टंट टीएससी (गती ठरावीक) आणि नॉनस्टॉप टीएससी (झोपेतही थांबत नाही) हे दोन्ही फ्लॅग असतील तर टीएससीवर शंका घेण्याआधी दुसरीकडे पाहावं.

वॉचडॉग दर अर्ध्या सेकंदाला टीएससीची दुसऱ्या टायमरशी (इथे एचपेटशी) तुलना करतो आणि फरक मोठा निघाला की दोष टीएससीच्या माथी मारतो. पण तो दुसरा टायमरच चुकत असेल तर? म्हणून मी क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम लावून इंटरनेटवरच्या वेळेशी ताडून पाहिलं. टीएससीवर असताना घड्याळ व्यवस्थित, एचपेटवर गेलं की मागे. नंतर प्रोसेसरला गाढ झोपेच्या सी-स्टेटमध्ये जाऊच दिलं नाही, तर तक्रार थांबली, पण बॅटरी भराभर उतरायला लागली. म्हणजे गाढ झोपेत एचपेट थबकत होता आणि शिक्षा टीएससीला होत होती. इंटेलच्या कॉफी लेक यंत्रांवर हाच दोष आढळल्याने 2019 मध्ये तिथे एचपेट कर्नलमधूनच बंद केला गेला. माझं यंत्र त्या यादीत नव्हतं.

बूट पॅरामीटरमध्ये (सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांमध्ये) 'एचपेट=डिसेबल' टाकलं. आता वॉचडॉग 3.579545 मेगाहर्ट्झच्या एसीपीआय पीएम टायमर या तिसऱ्याच टायमरशी तुलना करतो आणि तेव्हापासून एकदाही कुरकुरलेला नाही. झोपही परत गाढ करून दिली. बरेच जण थेट 'टीएससी=रिलायबल' टाकून मोकळे होतात, ते मला पटत नाही. त्याने वॉचडॉगचं तोंड बंद होतं, आणि टीएससी खरोखर बिघडलेला असेल तर ते कळायची वाटही बुजते.

लॅपटॉप बनवणाऱ्यांवर मात्र राग आहे. त्यांच्या बायॉसमध्ये एचपेट बंद करायची सोयच नाही, आणि नंतर आलेल्या अपडेटमध्येही ती दिलेली नाही. तेवढं सोडलं तर यंत्र उत्तम आहे. घेणार असाल तर पहिल्या रात्री ते चालू ठेवून सोडा आणि सकाळी कर्नल कोणता टायमर वापरतोय ते सांगणारी 'करंट क्लॉकसोर्स'ची फाइल उघडून बघा; तिथे टीएससीच असायला हवा.